फाटकापुढची गाडी, तळघरातलं दुकान

प्रति,
मा. आयुक्त, जळगाव शहर महानगरपालिका
मा. आयुक्त, धुळे महानगरपालिका



आपणा दोघांना मी एकच पत्र लिहिते आहे, कारण दोन्ही शहरांचं दुखणं एक आहे. माझं घर जळगावला जिल्हापेठेत आहे, धाकट्या बहिणीचं धुळ्याला देवपुरात. फोनवर आमचं बोलणं पाऊसपाणी आणि मुलाबाळांवरून सुरू होतं आणि हल्ली हमखास फाटकावर येऊन थांबतं. आज कोणाची गाडी होती, किती वेळ होती, माणूस सापडला का, सापडल्यावर काय म्हणाला. दोन गृहिणींच्या गप्पांत हा विषय इतका मुरला, याचा अर्थ प्रकार तुरळक राहिलेला नाही.

आमच्या भागात दवाखाने दाटीने आहेत. जिल्हापेठ, भास्कर मार्केट, रिंग रोड या पट्ट्यात यावल, रावेर, चोपडा, पारोळा, पाचोऱ्याहून माणसं येतात. एमपी 68 क्रमांकाची, म्हणजे बऱ्हाणपूरची गाडीही नेहमी दिसते. सकाळी नऊ-साडेनऊला गाड्या शहरात शिरतात आणि दवाखान्यापुढे जागा नसली की शेजारच्या घरांकडे वळतात. घराचं फाटक ही सलग मोकळी दिसणारी एकच जागा उरलेली असते. तिथे गाडी लागते. मागच्या सीटवरून आजीला दोघं धरून उतरवतात, कोणी फाइल घेतं, कोणी पाण्याची बाटली, आणि सगळे आत जातात. नंबर लागायला दोन तास, रक्त तपासायला एक तास, रिपोर्ट दाखवायला पुन्हा रांग.

गाडी लावणाऱ्या त्या माणसावर मला राग धरता येत नाही. आपल्या गावात त्याच्याकडे गाडी लावायला अख्खं खळं आहे. तिथे तो कोणाच्या दारात गाडी उभी करणार नाही. केलीच तर घरातला म्हातारा त्याला नावानिशी हाक मारेल. इथे त्याला कोणी ओळखत नाही, तोही कोणाला ओळखत नाही आणि त्याची आई आत तपासणीच्या टेबलावर आहे. ‘गाडी काढा भाऊ’ म्हटलं की तो ‘दोन मिनिटं थांबा ना भो, पेशंट आत आहे’ म्हणतो. त्यात खोटं काही नसतं. पण माझ्या घरातही पेशंट असू शकतो, हे त्या घाईत त्याला सुचत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातले वार ठरलेले, मशीनची वेळ ठरलेली. त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी गाडी घेतली, कारण सुई काढल्यानंतर रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहीत. एकदा निघायच्या वेळी फाटकापुढे पांढरी बोलेरो आडवी लावलेली होती. मुलगा एकेका दवाखान्यात शिरून गाडीचा क्रमांक ओरडत हिंडला. दोन ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलींनी माइकवरून पुकारलं, एका ठिकाणी ‘आमच्याकडचे नाहीत’ म्हणून हात झटकले. काकू काकांना धरून पायरीवर बसल्या होत्या. शेवटी रिक्षाच बोलवावी लागली. संध्याकाळी काका परतले तेव्हा बोलेरो गेलेली होती. तिच्या मालकाला आपल्यामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

रात्री 108 ची रुग्णवाहिका बोलवावी लागली तर काय, हा प्रश्न आमच्या गल्लीत प्रत्येक घरात आहे. स्ट्रेचर फाटकातून बाहेर यायला वाव हवा. आगीचा बंब तर लांबची गोष्ट. वयस्कर माणसांच्या या वस्तीत गाडीचं दार उघडायला, व्हीलचेअर फिरवायला हातभर जागा मोकळी असणं म्हणजे घराबाहेर पडता येणं आणि न येणं यांतला फरक आहे.

मग लोक आपापले उपाय करतात, आणि ते मला पटत नाहीत. फाटकाबाहेर सिमेंट भरलेले टायर, दगड, झाडांच्या कुंड्या, साखळी. ‘गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ अशा पाट्या सगळ्या महाराष्ट्रात दिसतात आणि आमच्याकडे काहींनी त्या खऱ्याही करून दाखवल्या आहेत. बोळात हवा सोडलेली गाडी दिवसभर तिथेच पडून राहते, म्हणजे त्रास होता त्याच्या तिप्पट होतो. शिवाय दुसऱ्याच्या वस्तूचं जाणूनबुजून नुकसान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली गुन्हा ठरू शकतो. आणि आजारी आईला घेऊन निघालेल्या माणसाला चार चाकं बसलेली सापडावीत, हे कोणत्याही माणसाला शोभत नाही. दगड-कुंड्यांचंही तेच. फाटकापुढचा रस्ता आमच्या सातबाऱ्यात नाही, तो आपल्या ताब्यातला आहे. घरात जाण्या-येण्याचा हक्क आमचा, पण बाहेरचा रस्ता अडवून स्वतःच्या गाडीसाठी राखून ठेवण्याचा हक्क आम्हाला कोणी दिलेला नाही. माझ्या काही शेजाऱ्यांना हे वाचून वाईट वाटेल. तरी लिहिते, कारण आपल्याकडे न्याय मागायचा तर आधी आमच्या बाजूचं कुंपण सरळ हवं.

आता कायद्याकडे येते. पोलिसांना फोन केला की बरेचदा ऐकायला मिळतं की गाडी दहा तास उभी असल्याशिवाय उचलता येत नाही. हे अर्धवट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 127 मध्ये दहा तासांची गोष्ट आहे ती बेवारस सोडलेल्या गाडीबद्दल. त्याच वाक्यात ‘किंवा’ म्हणून पुढे लिहिलंय की जिथे गाडी उभी करायला कायद्याने मनाई आहे तिथे ती उभी असेल, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो. खर्च मालकाचा. आणि दुसऱ्याच्या आवाराच्या प्रवेशद्वारात गाडी लावायला मनाई आहेच. 1989 च्या रस्त्यावरच्या वागणुकीच्या नियमांमध्ये बसथांबा, शाळा आणि दवाखान्याचं दार यांच्याबरोबर ही मनाई स्पष्ट लिहिलेली होती. 2017 साली त्या नियमांच्या जागी वाहन चालवण्याचे नवे विनियम आले, त्यांतही ती कायम आहे. फाटकावर पाटी असो वा नसो. दंड कलम 177 प्रमाणे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी दीड हजारांपर्यंत. सार्वजनिक वाटेत अडथळा केल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम 285 खाली पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेत तो दोनशे रुपये होता. आणि माणसाला त्याच्या हक्काच्या वाटेने जाण्यापासून जाणूनबुजून रोखणं, गाडी काढायला सांगूनही न काढणं, हे कलम 126 पर्यंत जाऊ शकतं.

म्हणजे कायदा आमच्या बाजूचा आहे. तो आमच्या गल्लीत पोहोचत नाही, एवढंच. 112 लावला तर माणसं सभ्यपणे बोलतात, कधी शिपाई येतोही; पण त्याच्याकडे चारचाकी उचलायचं यंत्र नसतं. तो चलानासाठी फोटो काढतो, आम्ही आभार मानतो आणि गाडी जिथल्या तिथे असते. दंडाचा संदेश मालकाच्या मोबाइलवर जातो, तोवर काकांची डायलिसिसची पाळी टळलेली असते. ज्याची वाट अडली आहे त्याला दंड नको असतो, वाट हवी असते.

म्हणून हे पत्र पोलीस अधीक्षकांना न लिहिता आपल्याला लिहिलं. त्यांच्याकडे गाडी येते ती शेवटी, आपल्याकडे इमारत येते ती सुरुवातीला.

आमच्या भागात सकाळी दहा वाजता पायी एक चक्कर मारा. ज्या इमारतीत दवाखाना आहे तिच्या तळमजल्याकडे आणि तळघराकडे बघा. बऱ्याच ठिकाणी खाली जाणारा उताराचा रस्ता दिसेल, म्हणजे नकाशात तिथे गाड्या उतरायच्या होत्या. त्या उताराच्या तोंडाशी आता शटर असतं. आत औषधांचं दुकान, रक्ताची लॅब, एक्स-रेची खोली, नाहीतर कोणाचं गोदाम. गाड्यांसाठी मंजूर झालेली जागा भाड्याने गेली आणि त्या जागेत जाणार होत्या तितक्या गाड्या माझ्या फाटकापुढे आल्या. त्या भाड्यातला एक रुपयाही ज्यांची दारं अडतात त्यांना मिळत नाही. त्यांना मिळते ती गैरसोय.

बांधकामाची परवानगी आपला नगररचना विभाग देतो. भोगवटा प्रमाणपत्रही तोच देतो. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागांत एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. रुग्णालयाला खाटांच्या हिशेबाने किती चारचाकी आणि किती दुचाकींची जागा सोडायची, याचे तक्ते त्यात आहेत. त्याआधीच्या नियमांतही पार्किंग होतंच. मंजूर वापर बदलला तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 52 आणि 53 खाली नोटीस देऊन तो बंद करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. माझ्या फाटकापुढच्या गाडीचा उगम या कागदांत आहे. कागद नीट पाळले गेले असते तर चोपड्याहून आलेल्या भावाने गाडी सरळ तळघरात नेली असती, लिफ्टने आईला वर नेलं असतं आणि आमची-त्याची कधी गाठही पडली नसती.

डॉक्टरांविरुद्ध माझा आकस नाही. याच डॉक्टरांनी आमच्या घरातली माणसं वाचवली आहेत आणि अर्ध्या खानदेशाचा आधार हे दवाखाने आहेत. पुष्कळ डॉक्टर स्वतः भाडेकरू आहेत, जागा बांधणाऱ्याने विकली तशी त्यांना मिळाली. तरीही ज्यांच्याकडे दिवसाला शंभर पेशंट येतात त्यांनी दारात एक माणूस उभा करून गाडीचा क्रमांक आणि फोन नंबर केसपेपरवर लिहून घेणं जड नाही. आमच्या गल्लीत एका दवाखान्याने हे सुरू केलं आहे. त्यांच्या दारातली गाडी पाच मिनिटांत निघते.

धुळ्याची गोष्ट थोडी निराळी. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि नवी वस्ती सरळ, एकमेकांना समांतर रस्त्यांनी आखून घेतली. अजूनही पेठेत पत्ता सांगताना गल्ली नंबर सांगतात. त्या काळी खानदेशात अशी आखणी दुर्मीळ होती आणि तिचा धुळेकरांना अभिमान आहे, तो रास्तही आहे. पण ती आखणी बैलगाडी आणि पायी माणसाच्या मापाची. पेठेतल्या जुन्या घरांना फाटक नाहीच. ओटा आणि त्याला लागून रस्ता. तिथे आग्रा रोडच्या बाजारात आलेल्यांच्या दुचाक्या ओट्याला चिकटून उभ्या राहतात, घरातल्या म्हातारीला पायरी उतरायला जागा राहत नाही. देवपुरात कॉलन्या नव्या, फाटकं मोठी, म्हणून चारचाकी येतात. बहिणीच्या घराजवळ एक मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत तिथल्या एका लग्नाला जेवढ्या गाड्या येतात तेवढ्या त्या कॉलनीतल्या सगळ्या घरांकडे मिळून नाहीत. हळदीच्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशीच्या पंगतीपर्यंत बहिणीची गाडी आतच. गेल्या उन्हाळ्यात तिच्या सासऱ्यांना उन्हाचा त्रास झाला. कार्यालयात जाऊन गाडीवाल्याला शोधायचं तर आत डीजे, माइकवर मंगलाष्टकं, हजारभर माणसं. शेवटी वाढपी मुलांनी पंगतीत फिरून विचारलं तेव्हा माणूस मिळाला. तो हात न धुताच धावत आला, माफी मागितली, गाडी काढली. भला माणूस होता. कार्यालयाच्या मालकाने मात्र ‘रस्ता सरकारी आहे ताई’ एवढंच उत्तर दिलं.

तो रस्ता सरकारी आहे म्हणून तर मी सरकारला विचारते आहे. कार्यालयाला परवाना देताना गाड्यांची जागा कोणी पाहिली?

मुंबईकडे या प्रश्नाचं दुसरं उत्तर शोधलं जातंय. 2021 मध्ये पार्किंगच्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने, घरापाशी जागा नसताना एकाच कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत, असं मत मांडलं होतं. 2025 मध्ये परिवहन खात्याने, गाडी लावायची जागा दाखवल्याशिवाय नवी नोंदणी नको, असा विचार पुढे आणला. जपानमध्ये हा कायदा 1962 पासून आहे. घरापासून ठरलेल्या अंतरात जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घेतल्याशिवाय तिथे मोटार नावावर होत नाही. मुंबईला त्याचा उपयोग होईलही. जळगाव-धुळ्याला होणार नाही, कारण आमच्या फाटकापुढे उभी राहणारी गाडी घरी जागा नसलेल्याची नाहीच. तिला गावी भरपूर जागा आहे. तिला जागा हवी आहे ती जिथे ती येते तिथे: दवाखान्यापाशी, सराफ बाजारापाशी, कार्यालयापाशी, कोर्टापाशी. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांवर होती आणि धुळ्याची पावणेचार लाखांच्या आसपास, पण या शहरांवर विसंबून असलेली माणसं त्याहून किती तरी जास्त आहेत. शहराचा आराखडा फक्त मतदार यादीतल्या माणसांसाठी केला तर असंच होणार. बाहेरगावचा माणूस हा या दोन्ही शहरांचा व्यापार आहे, वैद्यकी आहे, सोनं आहे. त्याला नीट उतरवून घेणं आपलं काम, आणि ते आपण आमच्या फाटकांवर ढकललं आहे.

माझं मागणं असं आहे. दोन्ही महापालिकांनी आपापल्या हद्दीतल्या प्रत्येक रुग्णालयाचं, मंगल कार्यालयाचं आणि व्यापारी संकुलाचं मंजूर पार्किंग किती आणि कुठे, याची यादी काढावी आणि ती लोकांना वाचता येईल अशी लावावी. इमारतीच्या दारावर फलक हवा: या इमारतीत इतक्या चारचाकींची जागा मंजूर आहे. एवढा फलक लागला तरी शटरआड काय चाललंय हे विचारायला पेशंटलाच बळ येईल. मग तपासणी, नोटीस आणि मुदत. ही मोहीम एका दिवसात होणार नाही हे मला समजतं. तळघरातल्या लॅबवर दहा घरांच्या चुली चालतात, त्यांना दुसरीकडे जायला वेळ द्यावा लागेल. पण नवा भोगवटा दाखला देताना आणि जुना परवाना नव्याने देताना तळघर उतरून बघायला तर वेळ लागत नाही.

तोवर तातडीचं काही करता येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 मध्ये गाड्या उभ्या करण्याची ठिकाणं स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायची तरतूद आहे. नुसती मनाई करून माणूस गाडी खिशात घालणार नाही, त्याला कुठे लावायची तेही सांगायला हवं. सकाळच्या वेळात रिकाम्या असणाऱ्या मैदानांवर, महापालिकेच्या पडून असलेल्या भूखंडांवर दवाखान्यांच्या वेळेपुरती सोय करता येईल. म्हाताऱ्या पेशंटला दारात उतरवायला दहा मिनिटांची मुभा द्या आणि मग गाडी तिकडे जाऊ द्या. आमच्या बोळांत घरांच्या फाटकांपुढे रस्त्यावर पिवळे पट्टे मारून घ्या. पट्टा मारला की भांडण दोन माणसांतलं राहत नाही. आणि पोलीस अधीक्षकांशी बोलून चारचाकी उचलणारं एक वाहन दवाखान्यांच्या भागात सकाळी नऊ ते दोन आणि लग्नतिथीला कार्यालयांच्या भागात ठेवा. त्याचा फोन नंबर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लिहिलेला असू द्या. गाडीच्या क्रमांकावरून मालकाचा फोन नागरिकाला मिळत नाही, तो मिळूही नये. पण पोलिसाला मिळतो. त्याने तिथूनच फोन लावून ‘भाऊ, खाली या’ म्हटलं तरी दहातली नऊ प्रकरणं दंडाशिवाय मिटतील.

घरमालकांनी मांडलेले दगड आणि टायरही उचलून न्या. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणून झालेल्या आणि आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हटल्या जाणाऱ्या 1949 च्या कायद्याने तो अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. माझ्या गल्लीपासून सुरुवात केली तर मी सोबत येईन आणि शेजाऱ्यांशी बोलेन.

दोन्ही महापालिका 2003 साली झाल्या. नगरपालिकेची महापालिका होताना आम्ही कर वाढणार हे स्वीकारलं, कारण शहर मोठ्या मापाने चालवलं जाईल असा शब्द होता. त्या शब्दावर मी हे पत्र लिहिते आहे. लग्नसराई सुरू होण्याआधी आपल्या नगररचना विभागातला एक अधिकारी जिल्हापेठेत आणि एक देवपुरात, मंजूर नकाशे हातात घेऊन, सकाळी दहा वाजता पाठवावा. वार आपण ठरवा, वेळ तेवढी दहाचीच ठेवा, कारण दुपारी चारला आमची गल्ली रिकामी असते आणि सगळं ठीक दिसतं.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
जिल्हापेठेतील एक रहिवासी, जळगाव